वायफाय नेमके कुठे अडले आहे?

नामपल्ली हे हैदराबादचे १९०७ पासूनचे रेल्वे स्थानक. रेल्वेच्या वेळापत्रकात त्याचे नाव हैदराबाद डेक्कन, लोकांच्या तोंडी मात्र नामपल्लीच. मुंबईहून पुणे, सोलापूर, वाडी, तांडूर, विकाराबाद करत येणारी हुसेनसागर एक्स्प्रेस इथेच संपते. सोलापूर, लातूर, नांदेडकडची मुले संगणकाचे कोर्स करायला हैदराबादला येतात, ती मुख्यतः अमीरपेटसाठी. नामपल्लीहून मेट्रोच्या लाल मार्गाने सहावा थांबा असलेले अमीरपेट संगणक प्रशिक्षणाच्या क्लाससाठी देशभर ओळखले जाते. सर्व्हर असो की क्लाउड, तिथे शिकायच्या बहुतेक गोष्टींची वाट लिनक्सवरून जाते. मग खिशाला परवडेल असा जुना लॅपटॉप घेतला जातो, त्यावर उबुंटू, मिंट, डेबियन किंवा फेडोरा चढते, आणि पहिल्याच संध्याकाळी अडचण उभी राहते: वायफाय लागत नाही.

अशा वेळी बहुतेक जण एकच चूक करतात. कुणी तरी सुचवलेली आज्ञा चालवतात, ती लागू पडली नाही की दुसरी, मग तिसरी. शेवटी सगळे पुसून लिनक्स पुन्हा घालतात आणि वायफाय तरीही लागत नाही. या प्रकरणाचे सांगणे थोडके आहे: काहीही बदलण्याआधी जोडणी कोणत्या टप्प्यावर तुटली ते शोधा. लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली आहे. तिचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि आत काय चालले आहे याची नोंद ती सतत लिहीत असते. ती नोंद योग्य क्रमाने वाचायला शिकलेला माणूस अंदाजावर विसंबून राहत नाही.

हुसेनसागर नामपल्लीला वेळेत आली नाही, तर फलाट तपासून काही कळत नाही. गाडीने सोलापूर सोडले का, वाडी सोडली का, तांडूर सोडले का, असे विचारत आले की ती कोणत्या दोन स्थानकांमध्ये थांबली ते समजते. वायफायचेही तसेच आहे. आधी कार्ड दिसले पाहिजे, मग त्याला ड्रायव्हर आणि फर्मवेअर मिळाले पाहिजे, रेडिओ सुरू असला पाहिजे, नेटवर्क ऐकू आले पाहिजे, पासवर्ड पटला पाहिजे, पत्ता मिळाला पाहिजे आणि शेवटी ही जोडणी टिकली पाहिजे. पुढचे भाग याच क्रमाने लिहिले आहेत. आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

कार्ड दिसते का?

लॅपटॉपच्या आत वायफायचे कार्ड पीसीआय मार्गावर बसलेले असते. बाहेरून लावायचा डोंगल यूएसबीवर असतो. पहिल्यासाठी 'एलएसपीसीआय' आणि दुसऱ्यासाठी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यायची. पडद्यावर यंत्रातल्या भागांची यादी येते. तिच्यात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' असा शब्द असलेली ओळ शोधायची.

या ओळीतून कार्ड कोणी बनवले ते कळते, आणि पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून असतो. लॅपटॉपच्या झाकणावरचे नाव इथे कामाचे नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे असू शकतात. इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम, क्वालकॉम-अथेरॉस आणि मीडियाटेक ही नेहमी भेटणारी नावे. प्रत्येक निर्मात्याला एक सांकेतिक क्रमांक असतो. इंटेलचा ८०८६ आहे, याच कंपनीच्या गाजलेल्या प्रोसेसरचा. निर्मात्याचा क्रमांक आणि त्यापुढचा कार्डाचा क्रमांक मिळून कार्डाची खरी ओळख ठरते. ही जोडी कागदावर लिहून ठेवावी. मदत मागताना सर्वांत आधी तीच विचारली जाते.

यादीत कार्डच नसेल तर सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये कार्ड सैल झालेले असते, काढून घेतलेले असते किंवा बायॉसमध्ये बंद केलेले असते. यूएसबी डोंगलचा एक खास प्रकार मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. रिअलटेकच्या चिपवर चालणारे काही स्वस्त डोंगल लावल्या लावल्या स्वतःची ओळख सीडी म्हणून देतात. त्या कल्पित सीडीत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. डोंगलला त्या रूपातून बाहेर काढून वायफायच्या रूपात आणण्याचे काम 'यूएसबी-मोडस्विच' ही छोटी सुविधा करते. डोंगल लावल्यावर फाइल मॅनेजरमध्ये अचानक एखादी डिस्क दिसली, तर हेच घडले आहे असे समजावे.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांसाठी इथेच एक सल्ला. सिकंदराबादच्या पार्क लेनमध्ये चिनॉय ट्रेड सेंटर हे संगणकांच्या दुकानांचे मोठे संकुल आहे. तिथून घ्या की आणखी कुठून, खिशात लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह असू द्या. त्यावरून लॅपटॉप सुरू केला तर डिस्कवर काहीही न बदलता लिनक्स चालते. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडून पाहावा. पैसे देण्याआधीची ही दहा मिनिटे पुढचे कित्येक दिवस वाचवतात.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

'एलएसपीसीआय'ला 'वजा-के' हा पर्याय जोडला, तर प्रत्येक भागाखाली तो कोणता ड्रायव्हर वापरत आहे ते छापले जाते. वायफाय कार्डाखाली अशी ओळच नसेल, तर ड्रायव्हर मिळालेला नाही. ओळ आहे पण वायफाय नाही, तर संशय फर्मवेअरवर जातो. या दोन शब्दांमधला फरक समजला की लिनक्सवरच्या वायफायचा निम्मा इतिहास समजतो.

ड्रायव्हर हा कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग असतो आणि लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. वायफाय कार्डाच्या आत मात्र स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, आणि त्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच कार्डांत हा प्रोग्राम कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी यंत्र सुरू झाल्यावर ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. ड्रायव्हर मुक्त असला तरी फर्मवेअर जवळपास नेहमीच कंपनीचे बंद गुपित असते. त्याची तयार फाइल मिळते, त्यामागचा कोड मिळत नाही.

म्हणूनच लिनक्सवरच्या वायफायच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा लिनक्समध्ये नसते. ब्रॉडकॉमचे उदाहरण पाहा. अनेक वर्षे या कंपनीने आपल्या वायफाय चिपची माहिती लिनक्सकारांना दिली नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी काम दोन गटांत वाटून घेतले. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर तपासून चिप कशी वागते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप राहू नये. हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नेलच्या २.६.१७ या आवृत्तीत आला. खुद्द ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. जुन्या लॅपटॉपमध्ये आजही ब्रॉडकॉमची ती आधीची कार्डे सापडतात आणि त्यांच्यासाठी फर्मवेअर वेगळे घालावे लागते.

डेबियनने तत्त्व म्हणून बंद फर्मवेअर आपल्या मुख्य संचाबाहेर ठेवले होते. परिणाम असा की, डेबियन घालायला वायफाय हवे आणि वायफायसाठी लागणारे फर्मवेअर डेबियनमध्ये नाही, अशा कोंडीत नवखा माणूस सापडे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते सोबत येऊ लागले. डेबियनची त्याआधीची आवृत्ती कुणी पेनड्राइव्हवर दिली असेल, तर ती बाजूला ठेवून नवी घेणे हाच सोपा इलाज आहे.

फर्मवेअर हरवले आहे हे कसे ओळखायचे? 'डीमेसेज' हा कर्नेलचा रोजनामा. त्याच्या आज्ञेत 'मेसेज'मधली काही अक्षरे गाळून डी, एम, ई, एस, जी एवढीच अक्षरे असतात. त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधावा. फाइलचे नाव, पुढे 'फेल्ड' आणि शेवटी 'वजा २' असा आकडा दिसला, तर निदान झाले. कर्नेलच्या भाषेत वजा २ म्हणजे अशी फाइल सापडली नाही. कोणती फाइल हवी तेही त्याच ओळीत लिहिलेले असते.

पण ती फाइल आणायलाच इंटरनेट हवे! इथे फोन कामाला येतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लावून त्यावर 'यूएसबी टिथरिंग' सुरू करावे. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीच असतो. खोलीत बसून फर्मवेअरचे पॅकेज उतरवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

ड्रायव्हरच मिळत नसेल तर कर्नेलचे वय पाहावे. 'यूनेम'ला 'वजा-आर' जोडले की आवृत्ती कळते. रिअलटेकच्या अनेक नव्या कार्डांसाठीचा 'आरटीडब्ल्यू८८' हा ड्रायव्हर कर्नेल ५.२ मध्ये, म्हणजे २०१९ मध्ये आला, आणि स्वस्त लॅपटॉपांत भरपूर वापरल्या गेलेल्या ८८२१सीई या कार्डाला त्यात जागा मिळाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. त्याआधीची लिनक्स घातली तर ते कार्ड मुके राहणार. जुन्या यंत्रावर नवी लिनक्स बहुधा चालते. नव्या यंत्रावर जुनी लिनक्स घातली की वायफाय अडते.

आणखी एक प्रसंग नेहमीचा आहे. काल वायफाय चालत होते, रात्री अपडेट झाले आणि सकाळी गेले. कर्नेलबाहेरचा ड्रायव्हर वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, कारण असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ते काम 'डीकेएमएस' आपोआप करते, पण त्यासाठी कर्नेलची हेडर पॅकेजेस यंत्रावर असावी लागतात. शिवाय सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नेल आत घेत नाही. अशा वेळी यंत्र सुरू होताना ग्रब मेनूतून आधीचे कर्नेल निवडावे. वायफाय परत आले तर दोष कुठे आहे ते सिद्ध झाले.

रेडिओ बंद तर नाही?

'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दोन ओळींत उत्तर देते: सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट ब्लॉक म्हणजे सॉफ्टवेअरने, बहुधा चुकून दाबल्या गेलेल्या विमान-मोडच्या बटणाने, रेडिओ बंद केला आहे. 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' म्हटले की तो उघडतो. हार्ड ब्लॉक म्हणजे यंत्रावरच्या प्रत्यक्ष बटणाने किंवा कळीने तो बंद आहे. सॉफ्टवेअरने तो उघडत नाही. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या काठावर सरकती कळ असते, ती शोधावी लागते.

नेटवर्क ऐकू येते का?

नामपल्ली स्थानकासमोर लॉजची दाटी आहे. प्रत्येक लॉजचे दोन-चार राउटर, दुकानांचे वेगळे आणि खोल्याखोल्यांत फोनचे हॉटस्पॉट. यादीत नेटवर्क भरपूर दिसतात, पण हवे ते दिसत नाही किंवा दिसून लागत नाही. इथे प्रश्न रेडिओलहरींचा असतो.

'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' ही आज्ञा प्रत्येक नेटवर्कची वाहिनी आणि जोर दाखवते. 'आयडब्ल्यू' हे साधन तोच जोर डीबीएम या मापात सांगते. आकडे ऋण असतात आणि शून्याकडे जातील तेवढे चांगले. वजा ५० उत्तम, वजा ६७ व्हिडिओ कॉलला पुरेसा, वजा ८० म्हणजे भरवसा नाही. हे माप दर १० ला दहापटीने बदलते. म्हणून वजा ५० आणि वजा ८० यांच्यात हजारपट अंतर आहे. खोलीच्या आतल्या पलंगापासून दारापर्यंत आले तरी चित्र पालटते ते यामुळे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ वाहिन्या आहेत, पण त्या एकमेकींपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि साधे वायफाय २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे एकमेकींना न अडवणाऱ्या वाहिन्या तीनच उरतात: १, ६ आणि ११. एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीचे थांबतात. जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर नुमाइश भरते. अशा गर्दीत शेजारचा प्रत्येक हॉटस्पॉट याच हवेत वाटेकरी होतो. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हेही याच पट्ट्यात वावरतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि मोकळा असतो, पण त्याच्या लहरी भिंतींत जास्त विरतात. राउटर जवळ असेल तर ५, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४, असे गणित ठेवावे. जुन्या स्वस्त कार्डांना ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. फोनवर दिसणारे नेटवर्क लॅपटॉपवर का दिसत नाही याचे ते पहिले कारण.

दुसरे कारण कायद्याचे आहे. कोणत्या देशात कोणत्या वाहिन्या वापरायच्या हे सरकार ठरवते. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याच्या अटीतून मोकळा केला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग २०१८ मध्ये खुला केला. लिनक्सकडे सर्व देशांच्या नियमांची यादी असते. 'आयडब्ल्यू रेग गेट' म्हटले की सध्या कोणत्या देशाचे नियम लागू आहेत ते दिसते. तिथे दोन शून्ये असतील तर देश ठरलेला नाही आणि प्रणाली सर्व जगात चालेल असे सावध नियम पाळते. अमेरिकेचा संकेत असेल तर १२ आणि १३ या वाहिन्यांवरचे राउटर अदृश्य राहतात. 'आयडब्ल्यू रेग सेट' पुढे भारताची आय-एन ही अक्षरे, ही एवढी जोड मोठ्या अक्षरांत, द्यायची. राउटर तुमच्या ताब्यात असेल तर तो १, ६ किंवा ११ वर ठेवणे सर्वांत बरे.

पासवर्ड का पटत नाही?

नेटवर्क दिसते, पासवर्ड टाकला की पुन्हा पासवर्ड मागते. आधी साधे कारण पाहावे. मराठी किंवा तेलुगू कळफलक चालू राहिला असेल, तर ठिपक्यांमागे भलतीच अक्षरे जातात. डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून पासवर्ड उघडा वाचावा. जुना पासवर्ड साठवलेला असेल तर त्या नेटवर्कची नोंद पुसून नव्याने जोडावे.

तरीही अडले तर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने प्रणालीचा रोजनामा उघडून त्यात जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या आणि डब्ल्यूपीए-सप्लिकंटच्या ओळी वाचाव्या. चार टप्प्यांची ओळखपरेड अयशस्वी झाली, पासवर्ड चुकीचा असू शकतो, अशा अर्थाची ओळ आली तर पासवर्ड पुन्हा तपासावा. ओळखपरेडीपर्यंतही न पोचता वेळ संपली असे लिहिले असेल, तर पासवर्डची पाळीच आलेली नाही आणि सिग्नल किंवा ड्रायव्हरकडे परत जायला हवे. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धत काही जुन्या कार्डांना पेलत नाही. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ असेल, तर अशा कार्डासाठी डब्ल्यूपीए२ सुरू करावे लागते. डब्ल्यूपीए२ आजही वापरण्याजोगे आहे. त्याहून जुने डब्ल्यूईपी मात्र २००१ पासून फोडलेले आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये.

जोडले गेले, पण पान उघडत नाही

इथे तीन प्रश्न क्रमाने विचारावे. 'आयपी ए' म्हटल्यावर वायफायसमोर पत्ता दिसतो का? नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. पत्ता असेल तर 'आयपी रूट'मध्ये दिसणाऱ्या प्रवेशद्वाराच्या, म्हणजे राउटरच्या, पत्त्याला 'पिंग' करावे. त्याचे उत्तर आले की ८.८.८.८ ला पिंग करावे, आणि तेही झाले की एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेत आहे. वायफाय तिथे ठणठणीत असते.

रेल्वे स्थानकावरचे वायफाय याच टप्प्यावर फसवते. रेलटेलची 'रेलवायर' सेवा देशातल्या सहा हजारांहून अधिक स्थानकांवर पोचली आहे. तिला पासवर्ड नसतो. जोडले की ब्राउझरमध्ये पान उघडते, मोबाइल क्रमांक द्यायचा, ओटीपी टाकायचा आणि मग इंटरनेट सुरू होते. हे पान उघडावे म्हणून नेटवर्क आपली पहिली मागणी अडवून स्वतःच्या पानाकडे वळवते. पण आजची बहुतेक संकेतस्थळे कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस असतात, आणि तशी मागणी कुणी वळवू लागला तर ब्राउझर सुरक्षेपोटी ती नाकारतो. लॉगिनचे पान येतच नाही आणि माणूस लिनक्सला दोष देत बसतो.

उपाय असा. आधी व्हीपीएन आणि ब्राउझरमधले खासगी डीएनएस बंद करावे, कारण या दोन्ही गोष्टी वळवण्याला बगल देतात. मग साधे, एचटीटीपीने सुरू होणारे पान उघडावे किंवा प्रवेशद्वाराचा आकडी पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकावा. 'एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक' ही आज्ञा स्पष्ट सांगते: 'पोर्टल' असे उत्तर आले तर लॉगिन बाकी आहे, 'फुल' आले तर रस्ता मोकळा. दर वेळी नव्याने ओटीपी मागितला जात असेल, तर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची नेटवर्कला दिसणारी ओळख, पाहावा. तो प्रत्येक जोडणीला बदलत असेल तर नेटवर्कला तुम्ही दर वेळी नवे पाहुणे वाटता. अशा सार्वजनिक नेटवर्कवर बँकेचे काम मात्र टाळलेलेच बरे.

जुन्या लॅपटॉपचा एक दोष इथे वायफायचे सोंग घेतो. मदरबोर्डवरची छोटी बटन बॅटरी संपली की यंत्र तारीख विसरते. घड्याळ काही वर्षे मागे गेले की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध वाटू लागतात आणि एकही पान उघडत नाही. पिंग चालते, ब्राउझर चालत नाही, तेव्हा 'डेट' म्हणून तारीख पाहावी.

लागते, पण टिकत नाही

दर काही मिनिटांनी तुटणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या जोडणीत पहिला संशय वीजबचतीवर घ्यावा. बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड मधूनमधून झोपते, आणि काही कार्डे वेळेवर जागी होत नाहीत. 'आयडब्ल्यू'ने वीजबचत तात्पुरती बंद करून अर्धा तास पाहावे. फरक पडला तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह'ची किंमत २ करावी. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. उबुंटूत ती अनेकदा ३ असते. बॅटरी थोडी लवकर संपेल. क्लासच्या वेळी चार्जर जवळ असेल तर तो सौदा परवडतो.

प्रत्येक टप्प्यावर एक शिस्त पाळावी: एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदलले ते लिहा, आणि फरक पडला नाही तर ती पूर्ववत करा. पाच गोष्टी एकदम बदलून वायफाय लागले, तर ते पुन्हा अडल्यावर हाती काहीच नसते.

तुमची तक्रार कुठे पोचते?

सगळे करूनही अडले तर मदत मागावी. हैदराबादेत मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारी 'स्वेच्छा' ही संघटना आहे, पुण्यामुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट आहेत, आणि प्रत्येक लिनक्स वितरणाकडे दोष नोंदवण्याची सोय असते. मागताना लॅपटॉपचे मॉडेल, कार्डाचा क्रमांक, कर्नेलची आवृत्ती, 'आरएफकिल'चे उत्तर आणि रोजनाम्यातल्या नेमक्या ओळी द्याव्या. "वायफाय चालत नाही" एवढ्यावर जगातला सर्वोत्तम जाणकारही काही करू शकत नाही. त्या पाच गोष्टी दिल्या तर अनोळखी माणूसही बसल्या जागी निदान करतो.

अशा तक्रारींनी काय घडते, याचे चांगले उदाहरण लेनोवोच्या आयडियापॅड लॅपटॉपसाठीच्या कर्नेल-ड्रायव्हरमध्ये आहे. हा ड्रायव्हर यंत्राला विचारी: रेडिओची कळ चालू आहे का? बहुतेक आयडियापॅडना अशी कळच नाही, आणि कळ नसलेले यंत्र या प्रश्नाला नेहमी शून्य उत्तर देते. ड्रायव्हर त्याचा अर्थ 'बंद' असा लावी आणि वायफाय हार्ड ब्लॉक दाखवी. माणूस नसलेली कळ शोधत बसे. लोकांनी आपापल्या मॉडेलचे नाव कळवले, आणि कळ नसलेल्या मॉडेलांची यादी ड्रायव्हरमध्ये वाढत गेली. प्रत्येक नाव म्हणजे कुणाची तरी नीट लिहिलेली तक्रार. यादी फार लांबल्यावर कर्नेलकारांनी विचारच उलटा केला: ज्यांना खरोखर कळ आहे अशा थोड्या मॉडेलांची यादी ठेवायची, आणि बाकी सर्वांना कळ नाही असे मानायचे. या निर्णयामागचे तर्कशास्त्रही त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवले आहे. चुकून बंद दाखवले तर वायफाय वापरताच येत नाही. चुकून चालू दाखवले तर फार तर नेटवर्कची यादी रिकामी दिसते. दोन चुकांपैकी कमी त्रासाची त्यांनी निवडली.

बंद प्रणालीत असा दोष सापडला तर ग्राहक कंपनीच्या मर्जीची वाट पाहतो. इथे नामपल्लीच्या लॉजमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याने पाठवलेली अचूक ओळ कर्नेलमध्ये दुरुस्ती घडवू शकते, आणि ती दुरुस्ती जगातल्या त्या मॉडेलच्या प्रत्येक लॅपटॉपवर पोचते. वायफाय दुरुस्त करायला शिकणे हे म्हणूनच लिनक्स शिकण्याच्या वाटेतले विघ्न नाही. अमीरपेटच्या वर्गात पुढे सर्व्हरचे जे दोष शोधायला शिकवतील, त्यांची पद्धत हीच आहे: टप्पे ओळखा, नोंद वाचा, एक गोष्ट बदला, आणि जे कळले ते दुसऱ्याला उपयोगी पडेल असे लिहून ठेवा.